बसल्याशिवाय आवाज नाही

गुरुवार, २२ जानेवारी २०२६

आजच्या बैठकीत जे घडलं ते क्रमाने.

१. बैठक अकराला सुरू. शेतकरी कंपनीचे चारही संचालक हजर. अध्यक्ष उदयसिंह आबा आणि त्यांची सून पिंकी, दोघं जेऊरच्या घरातून, वेगवेगळ्या खोल्यांतून. आबांचा पुतण्या पृथ्वीराज करमाळ्यातून. जोतीराम माळशिरसहून. मी सोलापूरच्या ऑफिसातून, निरीक्षक म्हणून.

२. चौघांचे हेडसेट नीट चालले. आभासी खोली क्रमांक दोन, लांब टेबलाची.

३. विषय पहिला: केळी निवडून पेट्यांत भरायचं नवं पॅकहाऊस, त्याची आतली मांडणी. टेबलावरचं मॉडेल सगळ्यांनी फिरवून पाहिलं. मंजूर.

४. विषय दुसरा: शुभारंभ. महाशिवरात्र, १५ फेब्रुवारी. जोतीराम म्हणाले, "उपासाला केळी. जाहिरातच हाय की फुकटात." मंजूर.

५. विषय तिसरा: पॅकहाऊसचा कारभार कोण बघणार. आबांनी विचारलं, "कुणाची इच्छा हाय का?" कोणी बोललं नाही. पुन्हा विचारलं. कोणी बोललं नाही. मग त्यांनी पृथ्वीराजचं नाव घेतलं. विरोध नाही. मंजूर.

६. पिंकी यांचा अवतार पूर्ण वेळ दाराजवळ उभा होता, खुर्चीवर आला नाही. बहुधा उंचीचं मोजमाप चुकलंय. बघायला हवं.

७. बैठक ठरल्या वेळेआधी संपली. वाद नाही.

शुक्रवार, २३ जानेवारी

काल फक्त घटना लिहिल्या. कारणं आज.

मी खोल्या बनवते. विटांच्या नाही. वेगवेगळ्या गावांतली माणसं डोक्याला हेडसेट लावतात आणि एका खोलीत येतात. तिथे प्रत्येकाचा एक अवतार असतो, तो हात हलवतो, मान वळवतो. खोली कशी आहे यावर माणसं कशी वागतील ते बरंचसं ठरतं, असं माझं म्हणणं आहे. याच म्हणण्यावर देवदत्त सरांनी कंपनी काढली. कंपनी म्हणजे सर, मी आणि होटगी रोडवरचा एक गाळा.

जेऊरच्या लोकांसाठी आधी जी खोली केली ती मोकळी होती. वर आकाश, खाली गवत, मधोमध मॉडेल. माणसं भटकत राहिली. जोतीराम गवताच्या काठावर जाऊन खाली काय आहे ते वाकून बघत होते आणि ओरडत होते, "आबा, हितं जमीनच संपली की!" त्यांच्या मागे टीव्ही, आबांच्या अंगणात म्हैस, कुणाचा तरी मिक्सर, सगळं एकदम ऐकू येत होतं. काहीही ठरलं नाही. शेवटी आबा म्हणाले, "मॅडम, टेबल पायजे. टेबलाबिगर मीटिंग व्हत न्हाय."

म्हणून क्रमांक दोन. लांब टेबल, खुर्च्या, टोकाची खुर्ची आबांची. भिंती फिक्या. छताला एक पंखा, त्याची बारीक घरघर. आणि माइक खुर्चीला बांधला: अवतार खुर्चीवर बसला की आवाज चालू, उठला की बंद. बंद असताना मनगटावर लाल ठिपका दिसतो. फिरणाऱ्या माणसांचा गोंगाट आपोआप गेला. सर म्हणाले, "जीनियस!" कोडमधली एका ओळीची अट होती ती.

आबांचा आणि पिंकी यांचा हेडसेट एकाच घरात असल्यामुळे आवाज घुमू नये म्हणून त्यांना वेगळ्या खोल्यांत बसायला आणि मधलं दार लावायला सांगितलं. हेही मीच.

कपाळावर हेडसेटचा वळ आता दिवसभर राहतो. डोळे चुरचुरतात. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा अजून उठलेली नाही, घरी यायला लांबून वळसा पडला.

रविवार, २५ जानेवारी

बार्शीला फोन. नेहमीप्रमाणे पप्पांनी स्पीकर चालू करून तो टीपॉयवर ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात असावी. तिचं निम्मं ऐकू आलं नाही. दोनदा म्हटलं, ऐकू येत नाही. पप्पा म्हणाले, "काही नाही गं, तिचं नेहमीचंच."

नेटवर्क खराब असावं. पप्पांचा आवाज मात्र स्वच्छ होता.

मंगळवार, २७ जानेवारी

पाण्याचा दिवस. पहाटे उठून पिंप भरला, मग ऑफिसला जाऊन अहवाल पूर्ण केला.

सरांना दोन गोष्टी हव्या होत्या: पहिल्या खोलीत किती वेळ गेला आणि दुसऱ्या खोलीत किती. निम्म्याहून कमी. एकमेकांचं बोलणं तोडण्याचे प्रसंग: पहिल्या खोलीत मोजता येईनात, दुसऱ्या खोलीत जवळजवळ नाहीत. मग कोण किती बोललं याचा तक्ता. आबा सर्वांत जास्त, खालोखाल जोतीराम, मग पृथ्वीराज. पिंकी: शून्य. त्यांच्या अवताराची अडचण मी तळटीपेत लिहिली. पुढे असंही लिहिलं की त्या एरवीही बोलत नाहीत, त्यामुळे निष्कर्षात फरक पडत नाही.

संध्याकाळी आबांचा फोन.

"मॅडम, तुमची खोली लई शिस्तीची बरं का. आमच्या जेऊरच्या ऑफिसात तासभर तर चहातच जातोय."

"धन्यवाद."

"आन् एक. सूनबाईला बी सगळ्यांदेखत विचारलं का न्हाय मी? दोनदा विचारलं. ती बी शिकलेली हाय. मंडळावर एक बाई पायजे म्हणून घेतली, पन नावाला न्हाय घेतली. उद्या कुणी म्हणायला नको, आबानं पुतण्याला चिकटवला आन् सुनेला इचारलं न्हाय."

"विचारलं होतं तुम्ही."

"ते तुमच्या कागदात हाय नव्हं?"

"आहे."

"मग तो कागद द्या पाठवून. इतिवृत्ताला जोडतो."

पाठवला. पिंकींचा संच तपासायला शुक्रवारी जेऊरला जायचं ठरवलं. सर म्हणाले, एका अवतारासाठी कशाला एवढी दगदग, फोनवर सांग. पण तळटीप उघडी राहिलेली मला आवडत नाही.

शुक्रवार, ३० जानेवारी

सकाळच्या गाडीने जेऊर. स्टेशनवर आबांनी मोटरसायकल पाठवली होती.

आबा पुढच्या खोलीत खुर्चीत बसले होते. मला म्हणाले, "बसा, बसा." मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले. पिंकीताईंनी चहा आणला, कपबशी माझ्या हातात दिली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील. आबा एकदा माझ्याशी बोलत होते, एकदा त्यांच्याशी, पण त्यांच्याशी बोलताना मागे वळत नव्हते. "साखर कमी पडली बघ," असं समोरच्या भिंतीला सांगत होते.

आबांना हेडसेट लावून खोली क्रमांक दोनमध्ये पाठवलं. मधलं दार लावून मी पिंकीताईंबरोबर आतल्या खोलीत गेले. तिथे धान्याची कोठी, एक स्टूल आणि भिंतीला टेकवलेलं इस्त्रीचं टेबल. त्यांनी हेडसेट चढवला. डोक्यावरचा पदर त्यावरून पुन्हा नीट घेतला. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मला इतके दिवस फक्त त्यांचा अवतार दिसत होता.

उंची तपासली. बरोबर होती. जमिनीचं मोजमाप बरोबर. सगळंच बरोबर.

"आता स्टुलावर बसा," मी म्हटलं.

"राहू द्या."

"बसल्याशिवाय मला तपासता येणार नाही."

"आबा बसल्यात की."

"आबा पलीकडच्या खोलीत आहेत. दार लावलंय."

"पन समोर दिसत्यात की, मॅडम. टेबलाच्या डोक्याला."

मी स्टुलाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, हात पुढे जुळवलेले. काल-परवापर्यंत मी ज्याला मोजमापाची चूक म्हणत होते, ते हे.

मी म्हटलं, "पण बसला नाहीत तर तुमचा आवाज कोणाला जात नाही."

त्यांनी हेडसेट काढला. "म्हंजे?"

"माइक खुर्चीला जोडलाय. उभं असताना तो बंद असतो. मनगटावर लाल ठिपका दिसतो ना, तो त्याचाच."

"तो ठिपका व्हय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं रेकॉर्डिंग. मोबाईलवर लालच असतंय की रेकॉर्डिंगला. म्हटलं, चला, आपलं बोललेलं कुटं तरी राहतंय."

"तुम्ही बोललात?"

"म्हंजे काय. आबांनी विचारलं तवा म्हणले की, 'मी बघते.' परत विचारलं, परत म्हणले."

मग मी तांत्रिक प्रश्न विचारला. मला आता वाटतं की तो तांत्रिक नव्हता.

"कोणीच वळून बघितलं नाही, तेव्हा काहीतरी बिघडलंय असं वाटलं नाही तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

"बिघडलंय काय त्यात?" त्या म्हणाल्या. "एरवी कोण वळतंय?"

बाहेर आबा मोठ्याने म्हणाले, "हॅलो! मॅडम! मी एकटाच बसलोय हितं टेबलावर!"

"आले," मी ओरडून म्हटलं.

पिंकीताई हसल्या. त्यांनी मला थोडक्यात सांगितलं, जसं कोणी दुकानाचा पत्ता सांगतं तसं. बी.एस्सी. ॲग्री. लग्नाआधी दोन हंगाम एका पॅकहाऊसमध्ये काम. नवरा पुण्यात नोकरीला, तो म्हणतो तिकडेच ये. "हे पॅकहाऊस आमच्या मागल्या शेतात. हितं झालं तर झालं. न्हायतर उन्हाळ्यात पुण्याला जायचं, फ्लॅटवर. तिथं मातर नुसतं बसायचंच."

"मी आबांना आत्ताच सांगते."

"नका सांगू."

"का?"

"एकदा तोंड उघडलं होतं, मॅडम. लई दिवस मनात घोळवून. आता परत तेच म्हणायचं म्हंजे मागून घेतल्यागत हुतंय. आन् पृथ्वीराजभाऊजींनी पेढे वाटल्यात."

निघताना आबांनी विचारलं, "झाला का दुरुस्त अवतार?"

"अवतारात दोष नव्हता."

"मग कशात हाय?"

"बघते," मी म्हटलं.

गाडीला उशीर झाला. फलाटावर केळीच्या रिकाम्या क्रेट रचून ठेवल्या होत्या, त्यांच्या शेजारी बसून राहिले. काही लिहायचं होतं, लिहिलं नाही.

शनिवार, ३१ जानेवारी

ऑफिसला सुट्टी. तरी गेले. खोली क्रमांक दोनमध्ये दाराजवळ उभी राहिले आणि म्हटलं, "मी बघते." मग त्याचं रेकॉर्डिंग ऐकलं. फक्त पंख्याची घरघर. तो पंखा मी हौसेने घातला होता, खोली खरी वाटावी म्हणून.

मी ही खोली तपासली होती. पुष्कळदा. दर वेळी बसून.

तक्त्यात मी शून्य लिहिलं. शून्य म्हणजे मोजलं आणि काही सापडलं नाही. इथे मोजलंच गेलं नव्हतं. हा फरक पहिल्या वर्षाला शिकवतात.

दोष कोणाच्याच लक्षात आला नाही, कारण तो नसता तरी सगळं तसंच दिसलं असतं. आबांना वाटलं, ती गप्प आहे. तिला वाटलं, ते ऐकत नाहीत. दोघांनाही त्यात नवीन काही वाटलं नाही. मलाही नाही.

रविवार, १ फेब्रुवारी

बार्शीला फोन. पप्पांना म्हटलं, फोन आईच्या हातात द्या, तिला आत जाऊ द्या.

"काय गुपित आहे?" पप्पा.

"काही नाही."

आई म्हणाली, "मला काय बोलायचंय? तूच बोल." मग गॅस बंद केल्याचा आवाज आला आणि ती बराच वेळ बोलली. तिच्या गुडघ्याचं मला काहीच माहीत नव्हतं. ती म्हणते, दिवाळीपासून सांगतेय.

नेटवर्क ठीक होतं.

सोमवार, २ फेब्रुवारी

सरांना सांगितलं. सर पुण्याच्या सादरीकरणाची तयारी करत होते. पहिल्याच पानावर माझा तक्ता, मोठ्या अक्षरांत: वेळ निम्मा, वाद नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नाहीत ते.

"कोणी तक्रार केलीय का, संस्कृती?"

"नाही."

"मग?"

"खुर्चीवर बसल्याशिवाय तक्रार करता येत नव्हती."

"अगं, हे त्यांचं घरगुती आहे. सुनेनं सासऱ्यासमोर बसायचं की नाही, हे आपण ठरवणार का? आपण सॉफ्टवेअरवाले."

"उभं राहण्याची रीत त्यांच्या घरातली आहे. उभ्या माणसाचा आवाज बंद करण्याची माझी."

सर म्हणाले, "बरं, दुरुस्त कर. पुढच्या अपडेटमध्ये टाक. गाजावाजा नको."

"अपडेट येईपर्यंत पृथ्वीराज रुजू होतील. आणि माझा अहवाल त्यांच्या इतिवृत्ताला जोडलाय. त्यात लिहिलंय की त्या काही बोलल्या नाहीत."

"तुला कळतंय का, मी पुण्यात जाऊन काय सांगणार? की आमच्या खोलीत वाद झाला नाही, कारण ज्याला बोलायचं होतं त्याचा आवाज आम्ही ऐकूच येऊ दिला नाही?"

"हो. साधारण तसंच."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही दमलेले दिसत होते. टपरीवरून चहा मागवला, माझ्यासाठी न विचारता बिनसाखरेचा.

"कंपनीच्या लेटरहेडवर नको," शेवटी म्हणाले. "तुझ्या नावाने पाठव. आणि जेऊरचं काम गेलं तर मग तुला इथे कशावर ठेवू, तेही तूच सांग." थोड्या वेळाने: "आबांना कोण तोंड देणार?"

"मी बघते."

बोलून झाल्यावर लक्षात आलं की मी काय म्हटलं.

बुधवार, ४ फेब्रुवारी

क्रमांक तीन.

आधी वाटलं, माइकची अट काढली की झालं. पण मग पिंकीताई दाराजवळ उभ्या, बाकीचे बसलेले, आणि बोलायचं म्हणजे सगळ्यांच्या पाठींशी बोलायचं. दुसरा विचार: त्यांच्यासाठी खुर्ची जवळ आणावी. पण ती खुर्ची कितीही जवळ आणली तरी त्या बसणार नाहीत, आणि बसा म्हणणारी मी कोण. जमिनीवर सतरंजी घालून पाहिली. तिथेही कोण कुठे बसणार याचा क्रम लागलाच, अजून कोणी खोलीत आलेलंही नसताना. मी नुसती सतरंजी बघून सांगू शकत होते की आबा कुठे असतील.

शेवटी बसणंच काढून टाकलं. खोलीत खुर्ची नाही. टेबल नाही. मधोमध पॅकहाऊसचं मॉडेल, कमरेइतकं उंच. सगळ्यांनी भोवती उभं राहायचं. शेतात गाडी भरताना उभे राहतात तसं. तिथे कोण बसतं? दार ठेवलंच नाही. जो येतो तो थेट मॉडेलपाशी येतो. आवाज कुठूनही सारखाच पोचतो, आणि जो बोलतो त्याच्या पायाखालची फरशी उजळते, म्हणजे बाकीच्यांना कुठे वळायचं ते कळतं. मागच्या गोंगाटासाठी वेगळी गाळणी लिहिली. ती आधीच लिहायला हवी होती. खुर्चीची अट सोपी होती, म्हणून ती केली.

तपासायला जोतीरामांना बोलावलं. ते नेहमी मोकळे असतात, निदान तसं म्हणतात.

"आयला, खुर्च्या कुटं गेल्या? जप्ती आली का काय?"

"या खोलीत उभं राहायचं."

"माझं गुडघं धरत्यात, मॅडम."

"तुम्ही घरी खुर्चीत बसा. अवतार उभा राहील."

"म्हंजे मी बसलेला आन् माझा अवतार उभा?" त्यांच्या पायाखालची फरशी हसताना लुकलुकत होती. "लई भारी. हे बायकूला दाखवतो. ती म्हणती, जरा उभं राहून कामं करा."

मी विचारलं, "पिंकीताई कधी बोलतात का बैठकीत?"

"ती? गुणाची पोरगी हाय. कधी चकार शब्द न्हाय." मग थांबले. "का वो? काय म्हणाली का काय?"

"काही नाही. आवाज तपासतेय."

"माझा येतोय न्हवं?"

"स्वच्छ."

गुरुवार, ५ फेब्रुवारी

दुपारी पिंकीताईंना फोन केला. आबा शेतावर असतील अशी वेळ बघून केला. वेळ मी अशी निवडली, हे लिहून ठेवते.

म्हटलं, "अहवाल मला मागे घ्यावाच लागेल. तो चुकीचा आहे. तुम्ही सांगू नका म्हणालात ते तुमच्याबद्दल. माझ्या चुकीबद्दल मी लिहिलं तर चालेल का?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. त्यांनी गॅस बारीक केला असावा.

"काय लिवणार?"

"तुमचा आवाज पोचला नाही. दोष खोलीचा होता. विषय पुन्हा घ्यावा."

"मी काय म्हणले ते?"

"ते नाही लिहिणार."

"ते नका लिवू. कुणी विचारलं तर माझं मी सांगीन." मग, "उभ्यानं चालंल ना त्या नव्या खोलीत?"

"सगळेच उभे असतील."

"आबा बी?"

"आबाही."

त्या हसल्या, या वेळी मोकळ्या. "आबांना उभं करणार तुमी. बघायलाच पायजे ते."

"बोलाल तुम्ही?"

"आत्ता कसं सांगू, मॅडम?"

त्यांचं बरोबर आहे. मलाही माहीत नाही. आबा पुन्हा विचारतील, सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे वळतील, आणि त्या गप्प बसतील असंही होऊ शकतं. घरात कोणी काय म्हणेल, पृथ्वीराजला काय वाटेल, हे माझ्या खोलीत मावत नाही. खोली बदलल्याने एवढंच होईल: त्या गप्प राहिल्या, तर ते त्यांचं गप्प राहणं असेल. माझं नाही.

थकवा आहे. ताप नाही, सर्दी नाही, नुसता थकवा. झोपूनही जात नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

पाठवलं. सर समोर बसले होते. मी त्यांना वाचायला दिलं. त्यांनी एक शुद्धलेखनाची चूक दाखवली. मग पुण्याच्या सादरीकरणातलं पहिलं पान उघडून बराच वेळ बघत राहिले, आणि काढून टाकलं.

आबांचा फोन अजून नाही. पिंकीताईंचाही नाही. पाठवलेलं इथे उतरवून ठेवते.

मा. अध्यक्ष उदयसिंह आबा आणि सर्व संचालक,

२२ जानेवारीच्या बैठकीचा माझा अहवाल मी मागे घेत आहे. त्यातील पुढील बाब चुकीची आहे.

विषय तिसरा, पॅकहाऊसचा कारभार. "कोणी बोलले नाही" असे मी नोंदवले. प्रत्यक्षात सौ. पिंकी यांचा माइक पूर्ण वेळ बंद होता. मी तयार केलेल्या खोलीत खुर्चीवर बसल्याशिवाय आवाज जात नसे, आणि त्या उभ्या होत्या. ही अट माझी होती. त्यात त्यांची चूक नाही व आपणा कोणाचीही नाही. त्यांचा सहभाग मी शून्य लिहिला. तो मोजलाच गेला नव्हता.

त्या काय बोलल्या, हे मी लिहीत नाही. ते त्यांना विचारावे.

अहवाल इतिवृत्तातून काढावा आणि विषय तिसरा महाशिवरात्रीपूर्वी पुन्हा घ्यावा, ही विनंती. नवी खोली तयार आहे. तीत सर्वांनी उभे राहायचे आहे आणि सर्वांचा आवाज सर्वांना जाईल. श्री. जोतीराम यांनी ती तपासली आहे.

हे मी, संस्कृती, माझ्या नावाने लिहीत आहे. कंपनीच्या वतीने नाही.

बैठक पुन्हा घेणार की नाही, ते कृपया बुधवार, ११ फेब्रुवारीपर्यंत कळवावे.